आत्याचं काविळीचं औषध

दिवसभर ठिपके मोजणं हे माझं काम. आमच्या प्रयोगशाळेत वनस्पतींचे अर्क येतात. ते विषारी आहेत का, जनुकांत बिघाड करतात का, ते आम्ही बघतो. त्यासाठी मुद्दाम अधू केलेले जिवाणू असतात. एरवी ते प्लेटमध्ये फारसे वाढत नाहीत. अर्काने त्यांच्या जनुकात बदल केला की वाढू लागतात आणि ठिपके दिसतात. दोन-चार ठिपके आपोआपही येतात. फार आले तर अर्क वाईट. एवढंच. या एवढ्यापायी डोळे गेले, मान गेली, आणि ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. कण्हेर काय कारखान्यात बनते?

आत्याच्या बाबतीत मात्र मी हे सगळं विसरले.

आत्या तळ्याजवळच्या एका गावात राहते. भातशेती, दोन म्हशी आणि काविळीचं औषध. एका मुळीचा रस, ताकातून, तीन सकाळी. मोबदला घ्यायचा नाही, मुळीचं नाव सांगायचं नाही आणि रोग्याला देण्याआधी एक घोट स्वतः प्यायचा, ही तिच्या सासूने घालून दिलेली रीत. गावात नव्याने आलेल्या डॉक्टरने तिला चारचौघांत ‘माणसं मारशील’ म्हटलं. ते तिला फार लागलं. भाऊबीजेला वडिलांबरोबर गेले तेव्हा तिने मुळी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली, रीत मोडून नावही सांगितलं.

“तू शिकलेली हायस. बघ नि त्याला सांग.”

साहेबांच्या हातापाया पडून मी ती तपासायला घेतली. पहिल्या फेरीत प्लेटा स्वच्छ निघाल्या. मला इतका आनंद झाला की हातमोजे काढून तिथूनच फोन लावला. “आत्या, काही दोष नाही तुझ्या औषधात!”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसरी फेरी बाकी होती. पोटात गेलेला पदार्थ यकृतात बदलतो, म्हणून दुसऱ्या फेरीत अर्काबरोबर उंदराच्या यकृताचा रस घालावा लागतो. ती झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे नव्या मुलींना पहिल्या दिवशी मीच बजावते.

कामाच्या रेट्यात ती फेरी दोन-अडीच महिने राहून गेली. केली तेव्हा प्लेटा ठिपक्यांनी भरल्या. पुन्हा केली, पुन्हा भरल्या. कावीळ यकृताची, औषध यकृतासाठी, आणि यकृतात गेल्यावरच त्याचं विष होत होतं. मला रडूही आलं नाही. नुसती दमले.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. रविवारी माणगावहून एसटी पकडली. आत्याच्या सुनेने चहा आणून ठेवला. सातवा महिना होता तिला, वाकताना कंबरेला हात लावत होती. ती आत गेल्यावर मी आत्याला सगळं सांगितलं. माझ्या जिवाला घोर आत्याचाच होता.

“प्रत्येक वेळी पहिला घोट तू घेतलास. सगळ्यांत जास्त तुझ्याच पोटात गेलंय.”

“माझं काय घेऊन बसलीस!” तिने हात झटकला. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली.

“पोटुशीला द्यायचं न्हाय, अशी सासूची ताकीद व्हती,” ती हळूच म्हणाली. “मी कदी दिलं न्हाय. मागल्या महिन्यात हिला कावीळ झाली. डॉक्टरकडं न्यायचं ठरलं व्हतं. मंग म्हटलं, पोरीनं मशीनवर बघितलंय, काय दोष न्हाय म्हनाली. तीन सकाळी दिलं.”

प्लेट म्हणजे माणूस नव्हे, तीन घोटांनी काही होईलच असं नाही, उद्याच तिला माणगावला डॉक्टरकडे नेऊ, त्यांना सगळं सांगू, असं मी भराभर बोलत सुटले. तिने मला थांबवलं.

“पोराला काय व्हनार न्हाय ना?”

“माहीत नाही, आत्या.”

“हे तवा म्हनायचं व्हतंस गो,” ती म्हणाली.