हातातली घरघर

केळीच्या बागेत पाण्याच्या मोटारीची घरघर ऐकली की मला वडिलांचा डावा हात आठवतो. डायलिसिससाठी त्यातली एक शीर धमनीला जोडलेली होती. तिथं कान लावला की आतून तशीच घरघर यायची. "किडनी बिघडली की रक्तवाहिन्या आतून सुजतात, हृदयाला जपा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्ही मात्र तेवढा हातच जपला; घरघर चालू म्हणजे सगळं ठीक, असं धरून चाललो. त्या दुपारी अर्धापूरच्या बागेत ते मटकन खाली बसले. "छातीवर कुनीतरी बसून राहिलंय," म्हणाले. आईनं हात चाचपला. "वाजून राहिला की! काई न्हाई होत." त्यांनी डोळे मिटले. मी हाताला कान लावून बसलो आणि घरघर ऐकून निश्चिंत झालो. मग लाइट गेली, मोटार थांबली. कानाखालचा हात केव्हापासून गप्प होता, ते मला आजही सांगता येत नाही.