तांब्याच्या ओढ्यावर सासूबाई

माझ्या सासूबाईंना चव कळेनाशी झाली तेव्हा पहिले पंधरा दिवस मला बरंच वाटलं, हे आधीच कबूल करते. सहा महिन्यांसाठी त्या नागपूरहून आमच्याकडे कार्डिफला आल्या आणि महिन्याभरात तापाने आडव्या झाल्या. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. त्याआधी फोडणीचं तेल कच्चं राहिलं की त्या पहिल्याच घासाला ओळखायच्या. आता माझी कसलीही भाजी ‘छान झाली’ म्हणून मुकाट्याने खायच्या.

मग एके दिवशी त्यांनी स्वतः वरण केलं आणि पळी माझ्यापुढे धरली. "बघ गं, जमलं का?" चाळीस वर्षं लोकांना जेवू घातलेली ही बाई मला विचारत होती! त्यानंतर त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. आमचा डॉक्टर म्हणाला, चव बहुतेक परत येईल, कधी ते सांगता येत नाही.

मी भूशास्त्रज्ञ आहे. त्या वसंतात आमच्या छोट्या फर्मकडे उत्तर वेल्समधल्या एका दरीचं काम आलं होतं. तिथल्या तांब्याची जुनी कागदपत्रं पुन्हा तपासायची आणि ओढ्याच्या पाण्याचे नमुने घ्यायचे. सासूबाई घरात बसून सुकत चालल्या होत्या, म्हणून त्यांनाही गाडीत घातलं.

जंगलातून चढताना मी त्यांना डोंगराची कुंडली सांगितली. डायनोसॉरांच्याही फार आधी इथे ज्वालामुखी होते. थोडा तप्त रस वर न येता जमिनीखालीच थिजला. मग गरम खारं पाणी दगडाच्या भेगाभेगांतून फिरलं आणि जागोजागी तांब्याचे कण ठेवून गेलं, पोह्यात मोहरी दिसावी तसे. पन्नासेक वर्षांपूर्वी एक मोठी कंपनी आली, यंत्रांनी खोल भोकं पाडली, दगडाच्या लांबच लांब कांड्या बाहेर काढल्या. तांबं निघालं, पण विरळ. ते काढायचं तर अख्खा डोंगर उकरावा लागणार, आणि इथल्या लोकांना ते नको होतं. कंपनी निघून गेली. आता विजेच्या गाड्यांमुळे तांब्याला पुन्हा भाव आलाय, म्हणून आम्ही.

"डोंगर पोखरून उंदीर," सासूबाई म्हणाल्या. "अन् आता तू त्या उंदराची शेपटी शोधून राहिली."

त्यांना आवडली ती दलदलीची गोष्ट. डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्यातलं तांबं तिथली काळी, कुजक्या शेवाळाची माती धरून ठेवते. जुन्या काळी लोक ती माती वाळवून भट्टीत जाळायचे आणि राखेतून तांबं काढायचे. "राखेतून! हुशार होते बाप्पा," म्हणत त्या दलदलीच्या खाली ओढ्याकाठी एका दगडावर टेकल्या.

ओढ्यात तांबं शोधायची रीत सोपी असते. खालून वर चालत बाटल्या भरत जायचं. पाण्यातलं तांबं जिथे एकदम कमी होतं, त्याच्या जरा खालीच ते मिसळत असणार. मी पाठ करून बाटलीवर लेबल चिकटवत होते, तेवढ्यात मागून थुंकल्याचा आवाज आला.

"शी! कळकलंय हे!"

थर्मासमधला चहा पिऊन झाल्यावर सासूबाईंनी ओढ्याच्या पाण्याने चूळ भरली होती. "आई! हे पाणी तोंडात घालू नका म्हटलं होतं ना?" मी ओरडले आणि ओरडता ओरडताच थांबले. "तुम्हाला कळलं?"

"पितळी भांड्यात ताक ठेवलं की कसं कळकतं, तसं." त्याही आता माझ्याकडे बघत राहिल्या.

मला नाचावंसं वाटत होतं, पण माझा स्वभाव मेला संशयी. काठावरचे हिरवट दगड बघून यांना भास झाला असेल तर? खोटी आशा लावून मी त्यांना घरी कशी नेऊ? आम्ही लॅबला नमुने पाठवतो तेव्हा कुठली बाटली कुठली ते सांगत नाही, आणि मध्येच एक साध्या पाण्याची सरकवतो. तेच करायचं ठरवलं. धावत दलदलीच्या वरच्या अंगाला जाऊन तांबं मिसळण्याआधीचं पाणी आणलं. तीन कप मांडले: वरचं पाणी, खालचं पाणी आणि घरून आणलेलं नळाचं. त्यांच्या डोळ्यांवर माझा स्कार्फ बांधला. बोट बुडवून जिभेला लावायचं आणि लगेच थुंकायचं.

"हे काही नाही," पहिल्याला म्हणाल्या. दुसऱ्याला तोंड वाकडं झालं. "हेच ते!" तिसरं पुन्हा काही नाही.

बरोबर होतं.

"एकदा कुणालाही जमतं," सासूबाई स्कार्फ न काढता म्हणाल्या. "अदलाबदल कर अन् पुन्हा दे."

मी तीनदा दिलं. तिन्ही वेळा बाईंनी अचूक कप धरला.

मग नळाच्या पाण्याने खळखळून चूळ भरून झाली आणि मी डबा उघडला. वांग्याची भाजी आणि पोळी. त्यांनी घास घेतला आणि डोळे मिटून खूप वेळ चावत राहिल्या. मी बाटल्या, नोंदवही सगळं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"वास नाही येत अजून," त्या हळूच म्हणाल्या. "लसूण घातला का नाही, कळत नाही." त्यांनी आणखी एक घास घेतला. "पण मीठ जास्त पडलं."

लग्नाला अठरा वर्षं झाली, माझ्या स्वयंपाकाला त्यांनी ठेवलेली नावं मोजली तर वही भरेल, पण कधी डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. त्या दिवशी मी डबा मांडीवर घेऊन भर ओढ्याकाठी हमसून रडले.

"अगं माय," सासूबाई गांगरल्या, "रडते कशाला? इतकंही खारट नाही झालं."