मास्तरांच्या चकतीतला दोष

दुसऱ्याची चूक दिसली की ती दाखवून दिल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, अशा माणसांपैकी सेनक एदिरिवीर मास्तर होते. महाओया नदीच्या काठच्या त्या गावात अशा माणसाने सुखी होणे अशक्यच होते. ग्रामसेवकाच्या फलकावरचे व्याकरण अशुद्ध, विहाराच्या कर्ण्यावरून सुत्त म्हणणाऱ्यांचे उच्चार भ्रष्ट, शेजारच्या कुंपणाची रेघ वाकडी, आणि यांपैकी कशाचीच लाज कोणाला नाही. मास्तरांनी मध्य विद्यालयात उभी हयात पालि शिकवली. लाल पेन्सिलींच्या पेट्याच्या पेट्या संपवल्या. पण ज्या मुलांच्या वह्या तांबड्या केल्या, त्यांतला एकही पुढे शुद्ध लिहू लागला नाही, ही त्यांची कायमची तक्रार होती.

पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्या स्वतःच्याच हृदयात दोष निघाला. एक झडप नीट मिटत नव्हती. कँडीच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी छाती उघडावी लागेल असे सांगितले आणि एसळ महिन्यातली मोठी धार्मिक मिरवणूक आटोपल्यानंतरचा दिवस नेमून दिला. शस्त्रक्रियेची मास्तरांना भीती वाटली नाही, निदान त्यांनी तसे सांगितले. त्यांना भीती होती ती भूल देतानाच्या क्षणाची. त्या क्षणी मन कुठे असेल? आणि तिथून ते परत आलेच नाही तर?

या भीतीला कारण होते. त्यांचे वडील गेले ते बांधावरच्या फणसाच्या झाडापायी शेजाऱ्याला शिव्या देत. भिक्षू उशाशी बसून सुत्त म्हणत होते, बायको बुद्धासमोर वाहिलेली फुले त्यांच्या हाताला लावत होती, आणि म्हातारा म्हणत होता, फणस आपला आहे, मुळे आपल्या बाजूला आहेत. शेवटच्या चित्तावर पुढचा जन्म अवलंबून असतो, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे अंत्यविधीनंतर कित्येक वर्षे त्या फणसाकडे पाहून लोक सूचक हसत. झाडावर एखादे माकड चढले की चंद्रा अक्का, म्हणजे मास्तरांच्या बायकोची थोरली बहीण, हात जोडून म्हणे, "तात्ता आले बघा फणस मोजायला."

तर मास्तरांना मनाला एक जागा हवी होती. भूल चढताना जिथे ते निमूट जाऊन बसेल, अशी. प्रथम त्यांनी श्वासावर ध्यान करून पाहिले. पण श्वासाकडे लक्ष दिले की त्याच्या मागे ती फाटकी झडप फडफडताना ऐकू येई, आणि ध्यान करणारा माणूस घाम पुसत उठे. मग त्यांनी कसिण करायचे ठरवले. कसिण म्हणजे मातीची गोल, गुळगुळीत चकती. समोर ठेवून तिच्याकडे पाहायचे, डोळे मिटायचे, पुन्हा पाहायचे. असे करता करता मिटल्या डोळ्यांपुढे तिची प्रतिमा, म्हणजे ग्रंथांतले निमित्त, उभी राहिली की मन तिच्यावर ठरते. जुन्या ग्रंथांत तिचे माप, रंग, बैठकीचे अंतर, सगळे दिले आहे. मास्तरांना ते तोंडपाठ होते. मुलांना त्यांनी ते अनेक वर्षे पाठ करायला लावले होते.

अशी साधना गुरूला विचारून करायची असते. गावच्या विहारात गुरू होतेही. सुजात भन्ते. परंतु हे सुजात भन्ते म्हणजे पूर्वाश्रमीचा नंदसेन, मास्तरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहणारा, पालीत काठावर उत्तीर्ण झालेला नंदसेन. त्याच्यापुढे गुडघे टेकणे धर्माला धरूनच होते, आणि मास्तर दर पोयाला, म्हणजे पौर्णिमेला, ते टेकतही. पण त्याला जाऊन ध्यान कसे करावे हे विचारायचे? ग्रंथ काय झुरळांसाठी आहेत?

पहाटेच्या आभाळासारख्या तांबूस रंगाची माती हवी. कौलांच्या भट्टीजवळ ती मिळाली, पण भट्टीवाल्याने त्यांना कौलेच विकायचा प्रयत्न केला. माती चाळली, काड्या वेचल्या, मळली, फळीवर थापली, नदीतल्या गोट्याने घोटली. चंद्रा अक्का पडवीत येऊन बसल्या आणि बराच वेळ पाहून, धाकट्या भावाला हाक मारावी तशा म्हणाल्या, "मल्ली, खोबरं घातलंस का? खोबऱ्याशिवाय रोटी कोरडी होते." तेव्हापासून गावात त्या साधनेचे नाव रोटी पडले. मास्तर मागच्या खोलीत बसले की अंगणातून जाणारा कोणीही विचारी, भाजली का.

शांतता तर नावालाही नव्हती. सकाळी पावाची रिक्षा तेच एक गाणे वाजवत येई, आणि मास्तरांच्याच फाटकासमोर उभी राही, कारण तिथे सावली होती. संध्याकाळी कुणाचे दान असले की देणाऱ्यांची नावे कर्ण्यावरून. मास्तरांनी तीन ठिकाणी तक्रारीचे अर्ज केले. उत्तर एकाचेही आले नाही.

तरी ते बसत राहिले, हे त्यांच्या बाजूने म्हणायलाच हवे. आणि काही दिवसांनी डोळे मिटल्यावर काळोखात काहीतरी दिसले. चकती नव्हे, चकतीवरचा अंगठ्याचा ठसा. उजव्या काठाजवळ घोटायचा राहून गेलेला एक खळगा. डोळे उघडले तर तो शोधावा लागे, आणि मिटले की ढळढळीत समोर. त्यांनी मान हलवली, डोळे चोळले, खळगा हलेना. चकतीच सदोष असल्यावर मन तरी कशावर ठरणार? मास्तर उठले, चकती फोडली, आणि माती पुन्हा भिजत घातली.

दुसऱ्या चकतीत वाळूचा एक कण राहिला होता. आठवडाभर बसल्यावर मिटल्या डोळ्यांत तो कण चांदणीसारखा उभा राहिला. फोडली. पुढच्या चकतीत पाणी लावायच्या कुंच्याचा एक केस रुतून बसला होता. तिलाही फोडली. त्यापुढची त्यांनी इतकी घोटली की तीत चेहरा दिसावा. पण ती वाळताना मधोमध केसाएवढी भेग पडली, आणि मग ती भेग त्यांना जेवतानासुद्धा, पानावरून नजर काढून क्षणभर डोळे मिटले की दिसू लागली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या म्हणून आता हे असले काहीतरी आपल्या पाठी लागले आहे, अशी त्यांची खात्री पटू लागली होती, आणि त्या खात्रीमुळे ते अधिकच चिडत होते. चुका काढल्या त्या होत्या म्हणून काढल्या, घरून आणून घातल्या नव्हत्या.

त्यांच्या बायकोने, श्रीयालताबाईंनी, एकदोनदा भन्त्यांचे नाव काढून पाहिले. तो विषय तिथेच संपवला गेला.

एसळची मिरवणूक आटोपली. कँडीला जायचा दिवस जवळ आला. एका दुपारी मास्तरांनी भेग पडलेली चकती अंगणात आपटली. आपटताना त्यांना धाप लागली आणि ते पायरीवरच बसले. ओठ निळसर झाले होते. श्रीयालताबाई पाणी घेऊन आल्या, त्यांचे पिऊन होईपर्यंत थांबल्या, आणि मग लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच त्यांनी सलग बोलून घेतले.

"तुमचे तात्ता फणसाचं बोलत गेले. तुम्ही या चकतीचं बोलत जाणार. भूल देतील तेव्हा तिथल्या पोरीला सांगाल, माती नीट चाळली नव्हती म्हणून. मी बाहेर बाकावर बसून काय समजायचं? आमचा माणूस चांगल्या ठिकाणी गेला असं समजू, की भेगेत जाऊन बसला असं?"

मास्तरांना उत्तर सुचले होते. पण त्यासाठी लागणारा श्वास नव्हता. संध्याकाळी त्यांनी पांढरे वस्त्र नेसले, विड्याच्या पानांची जुडी घेतली आणि ते विहारात गेले.

सुजात भन्ते छपराचे वासे मोजणाऱ्या सुताराशी हुज्जत घालत होते. सुतार गेल्यावर त्यांनी चटईकडे बोट दाखवले. मास्तर गुडघे टेकून बसले, पाने पुढे केली, आणि अर्ज वाचून दाखवावा तशी हकीकत सांगितली: मातीची प्रत कशी खालावली आहे, पावाची रिक्षा कुठे उभी राहते, कोणत्या चकतीत कोणता दोष निघाला. भन्ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढेच विचारले की हे दोष दिसतात ते डोळे उघडे असताना की मिटल्यावर.

"मिटल्यावर. तेच तर सांगतोय, भन्ते. उघड्या डोळ्यांना इतके दिसतही नाहीत."

"आणि दिसले की किती वेळ राहतात?"

"भात शिजेस्तोवर. जात म्हणून नाहीत."

भन्त्यांनी कपाळाला हात लावला. "सर, पहिलं निमित्त असंच येतं. चकतीत जो दोष असेल तो घेऊनच येतं. दोष दिसला म्हणजे निमित्त धरलं गेलं. मन तिथंच ठेवायचं. राहिलं, तर पुढे कधीतरी स्वच्छ होऊन येतं. तुम्हाला ते दर खेपेला आलं, आणि दर खेपेला तुम्ही उठून चकती फोडली."

हे मास्तरांना माहीत होते. पहिल्या निमित्तात दोष दिसतात, दुसऱ्यात दिसत नाहीत. हा भेद त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखून शिकवला होता, त्यावर परीक्षेत प्रश्न घातला होता, आणि उत्तरे तपासली होती. त्यांना ते वाक्य तोंडपाठ होते. फक्त ते वाक्य आपल्याबद्दल आहे, असे त्यांना कधी वाटले नव्हते.

"मला त्या प्रश्नाला अर्धेच गुण दिले होते तुम्ही," भन्ते म्हणाले.

"उत्तर अर्धंच होतं."

"अजूनही अर्धंच आहे. ते दुसरं, स्वच्छ, मला अजून दिसलेलं नाही. हे छप्पर आणि ही विहाराची समिती असताना दिसेल असं वाटतही नाही."

मास्तर घरी परतले ते भन्त्यांवर चिडून, स्वतःवर चिडून, आणि ग्रंथकारांनी ते वाक्य जरा ठळकपणे का लिहिले नाही म्हणून त्यांच्यावरही चिडून. अंगणात पाहतात तो आपटलेल्या चकतीचा मागमूस नाही. श्रीयालताबाईंनी ती माती कालवून चूल सारवली होती. एरवी यावरून रात्रभर वाद चालला असता. मास्तर कंदील घेऊन भट्टीवर गेले, जी मिळाली ती माती आणली, आणि घाईघाईने चकती थापली. रंग ग्रंथातल्यासारखा नव्हता. सकाळी उन्हातून सावलीत नेताना ती निसटू लागली, तेव्हा श्रीयालताबाईंनी मनगटाने आधार दिला आणि ओल्या मातीवर बांगडीचा अर्धा वळसा उमटला.

"हात कशाला लावलास?"

"पडली असती."

घोटायचा गोटा मास्तरांनी उचललाही होता. मग त्यांनी तो दाराबाहेर ठेवला आणि ते बसले. पावाची रिक्षा येऊन उभी राहिली. अक्कांनी अंगणातून रोटीची चौकशी केली. मास्तर उघड्या डोळ्यांनी पाहत होते, मिटत होते, पाहत होते. आणि मनात प्रत्येक वेळी उठून तो वळसा पुसावा असे येत होते. दोन दिवस काहीही दिसले नाही, तेव्हा तर त्यांना वाटले की हीही गेली. तिसऱ्या दिवशी निघायची पिशवी भरून झाल्यावर ते पुन्हा बसले, आणि डोळे मिटल्यावर ती खूण आली. त्यांचा हात सवयीने जमिनीकडे गेला, उठण्यासाठी. तो त्यांनी मांडीवर परत ठेवला. खूण राहिली. बाहेर नवरा-बायकोची गाडी चुकेल म्हणून अक्का हाका मारत होत्या, आणि भात शिजला असता त्याहून कितीतरी अधिक वेळ ती राहिली.

इस्पितळात सगळेच चुकीचे होते. उशाच्या पाटीवर नाव चुकीचे, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे दहा नातेवाईक, दिवे फार प्रखर. मास्तरांनी प्रत्येक गोष्ट कोणाला ना कोणाला सांगितली. नेमल्या दिवशी सकाळी त्यांना ढकलगाडीवर घेतले तेव्हा श्रीयालताबाई दारापर्यंत चालत आल्या. पुढे त्यांना सोडत नव्हते. गाडी क्षणभर थांबली. मास्तरांचे डोळे मिटलेले होते आणि कपाळावर तीच ती आठी होती, वह्या तपासतानाची. श्रीयालताबाई वाकल्या.

"दिसतंय का?"

"दिसतंय. पण वळसा पुरा नाही, एका बाजूला तुटलाय."

"असू दे तुटलेला."

"असू दे म्हणजे काय, आहेच," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. "आता बोलू नकोस, हलतं."