भिंगरीची शिफारस

मार्केटिंगचे प्राध्यापक असूनही सरांनी उभ्या आयुष्यात स्वतः काही विकलं नव्हतं. एकदा जुनी स्कूटर विकायला काढली, तेव्हा आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी तिचे दोष इतके प्रेमाने समजावले, की तो बिचारा सरांनाच धीर देऊन निघून गेला. वर्गात मात्र त्यांच्या तोंडाला धार यायची. बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, हे ते पहिल्या तासाला सांगत. दुसऱ्या तासाला भिंगरीची साबणाची गोष्ट.

भिंगरी ही त्यांची आजवरची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. हे नाव वर्गानंच ठेवलेलं, कारण ती एका जागी म्हणून ठरत नसे. बाकीची मुलं प्रश्नावल्या घेऊन लोकांच्या मागे लागत. ही दुकानाच्या कोपऱ्यात उभी राहून लोक काय उचलतात, काय परत ठेवतात आणि परत ठेवताना तोंड कसं करतात, तेवढंच बघायची. वडील नव्हते. आई लोकांचे कपडे धुवायची, आणि ही अर्धा दिवस वर्गात तर अर्धा दिवस इस्त्रीच्या टेबलाशी. सर घरी येऊन बायकोला म्हणत, एवढं डोकं मला असतं तर मी मास्तर झालो नसतो. बायको म्हणे, निदान स्कूटर तरी विकली गेली असती.

पुढे भिंगरीला मोठ्या कंपनीत नोकरी लागली, बढत्या मिळाल्या, सरांची कॉलर ताठ झाली. मग एक दिवस कंपनीनं ऑफिस दुसऱ्या शहरात हलवलं. आईला एकटं टाकून जाणं शक्य नव्हतं, म्हणून ही मागे राहिली, आणि वर्षभर नोकरी शोधत हिंडली. कुणी म्हणे तुम्ही आमच्यासाठी फार शिकलेल्या, कुणी म्हणे मधे खंड का पडला. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं, ते आता साठवलेल्या पैशांवर कसंबसं. अशात ब्रश आणि फिनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात जागा निघाली. विक्रीचं खातं पहिल्यापासून उभं करायचं होतं. मालकीणबाईंनी विचारलं, तुमच्याबद्दल खात्रीनं सांगेल असं कुणी आहे का? भिंगरीनं सरांचा नंबर दिला. सर म्हणाले, फोनवर काय सांगायचं, मी जातीनं येतो.

कारखान्याचं फाटक दिसलं तेव्हा भिंगरी म्हणाली, "सर, बाकी काहीही सांगा. साबणाची गोष्ट मात्र नको. ती मी स्वतः..." सरांनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. त्यांना वाटलं, पोरगी लाजते आहे. आधी गिऱ्हाईक ओळखा, मग तोंड उघडा, हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिणाऱ्या माणसानं हा कारखाना कुणाचा, पूर्वी इथे काय बनत होतं, याची साधी चौकशीही केली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मालकीणबाईंची खोली जिन्यावर होती. भिंतीला नमुन्याचे ब्रश टांगलेले, खिडकीपाशी फिनेलच्या बाटल्या, आणि खालच्या यंत्रांची घरघर थेट खुर्चीच्या पायांत येत होती. बाई साठीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, सांगा. बस्स, सरांना एवढंच हवं होतं. भिंगरीनं त्यांच्याकडे पाहिलं, पण सर आता थांबणाऱ्यातले नव्हते.

त्यांनी गोष्ट अगदी रंगवून सांगितली. कपडे धुण्याच्या दोन वड्या गावात चालत, एक हिरवी, एक पिवळी. पिवळीचा खप कितीतरी जास्त. वर्गाला काम दिलं होतं, पडेल माल उचला आणि खपवून दाखवा. भिंगरीनं हिरवी उचलली. जाहिरात नाही, सूट नाही, काही नाही. दुकानाच्या काउंटरवर तिनं पाण्याचे दोन वाडगे ठेवले, एकात हिरवी वडी, एकात पिवळी. संध्याकाळपर्यंत हिरवी जशीच्या तशी आणि पिवळीचा लगदा! लोक थांबून बघायचे आणि हिरवी घेऊन जायचे. मग हिरवीवाल्या कंपनीनं तेच वाडगे बाजारातल्या दुकानादुकानांत मांडले. "आणि मॅडम," सर हसत हसत म्हणाले, "वर्ष-दोन वर्षांत पिवळीवाल्यानं दुकानच गुंडाळलं. एका कॉलेजच्या पोरीनं अख्खा कारखाना झोपवला. ही तुमच्याकडे आली, तर विचार करा."

मालकीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पिवळी वडी आमची होती," त्या म्हणाल्या.

सरांना आधी ते नीट कळलंच नाही. त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, आवरायचं कसं तेच सुचेना. मग पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते त्यांना त्या वयात पहिल्यांदा समजलं. हात दाखवून अवलक्षण करावं ते किती! ज्या नोकरीसाठी पोरगी वर्षभर वणवण फिरली, ती त्यांनी पाच मिनिटांत, स्वतःच्या तोंडानं घालवली होती. भिंगरीकडे बघायचीही त्यांची हिंमत होईना.

बाई शांतपणे सांगत राहिल्या. साबण त्यांच्या वडिलांनी सुरू केला होता. ते रोज बाजारात जाऊन त्या वाडग्यांसमोर उभे राहत, आपल्या वडीचा लगदा बघत, आणि घरी येऊन न जेवता झोपत. मग त्यांनी वडी कडक केली. तेल कमी, सोडा जास्त. ती पाण्यात टिकली, पण खप आला नाही तो नाहीच. साबण बंद झाला, ब्रश सुरू झाले. "बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, जन्मभर लोकांच्या गळ्यात वाईट माल मारला आपण. तेच मनात घेऊन गेले." मग त्या भिंगरीकडे वळल्या. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"कारखाना तुमचा आहे हे माहीत होतं. आज मीच सांगणार होते, सरांनी आधी सांगितलं एवढंच," भिंगरी म्हणाली. "पण तुमचा माल वाईट नव्हता, मॅडम. आमच्या घरी तुमचीच वडी होती. आई दिवसभर लोकांचे कपडे धुवायची, आणि तिच्या हातांना दुसरा साबण सोसायचा नाही. ती लवकर विरघळते हे मला म्हणूनच ठाऊक होतं. मऊ होती म्हणून विरघळायची. मी लोकांना अर्धंच दाखवलं, आणि तेही खरंच होतं."

"मग?"

"मग तुमची वडी कडक झाली. आईचे हात फुटले. पुढे काम सुटलं."

सरांना आठवलं, शेवटच्या वर्षी त्या वाडग्यांसाठी कॉलेजनं भिंगरीला बक्षीस दिलं, त्या समारंभाला तिची आई आली होती, दोन्ही हातांना फडकी गुंडाळून. त्यांना वाटलं होतं, कुठे भाजलं असेल. त्या माउलीनं त्या हातांनीच टाळ्या वाजवल्या होत्या. आणि सर ती गोष्ट तेव्हापासून दरवर्षी सांगत आले होते, दरवर्षी त्या लगद्यावर वर्ग हसत आला होता, आणि त्या पोरीनं एका शब्दानं त्यांना कधी थांबवलं नव्हतं. तिच्या घरचं जेवढं त्यांना ठाऊक आहे असं वाटत होतं, त्यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"हे बाबांना कुणीतरी सांगायला हवं होतं," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता कडक झाला होता. "वाडगे मांडायला बाजारात गेलात, तसं हे सांगायला इथंही यायचं होतं."

"आले होते," भिंगरी म्हणाली.

"कधी?"

"वडी बदलल्यावर. आईला घेऊन. खाली फाटकाशीच थांबवलं आम्हाला. आई म्हणाली, ज्यानं आधीची वडी बनवली त्याला माझे हात दाखवायचेत. इतकी वर्षं या हातांना काही झालं नव्हतं, ते त्याच्यामुळे, एवढं त्याला सांगायचंय."

"मग कुणी थांबवलं?"

भिंगरीनं बाईंकडेच पाहिलं. सरांनी मान वर केली. बाईंचा चेहरा बघता बघता पांढरा पडत गेला, आणि सरांच्या लक्षात आलं, की उत्तर बाईंना मिळालं आहे.

"हाताला फडकी होती," बाई हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, तक्रार घेऊन आल्यात. भरपाई मागतील. मी म्हटलं, लोकांना कडकच वडी हवी आहे, जा." त्यांनी खिडकीतून खाली फाटकाकडे पाहिलं. "बाबा आतच होते. माझ्या मागेच, फाटकालगतच्या खोलीत."

खालची यंत्रं चालूच होती. सरांच्या मनात आलं, काहीतरी बोलावं, या मुलीसाठी चार शब्द टाकावेत. त्यासाठीच तर आलो होतो. पण इतकी वर्षं शिफारशी करून त्यांच्याजवळ आता या मुलीसाठी एकही शब्द उरला नव्हता.

मालकीणबाईंनी पदरानं डोळे पुसले. काम सोमवारपासून, बसायला शेजारची खोली, एवढं त्यांनी सांगितलं, जणू ते केव्हाच ठरलं होतं. भिंगरी उठली, सरही उठले. दारापर्यंत गेल्यावर मागून बाईंनी हाक मारली.

"सोमवारी आईंना घेऊन या," त्या म्हणाल्या. "मला त्यांचे हात बघायचेत."