एकच पेटी घेऊन छाणीला

जुने लाउडस्पीकर जपणाऱ्यांनो, दुकानात तुम्हालाही हेच ऐकवलं असेल: "भंगारात द्या, नवीन घ्या." पेटी उघडून बघण्याचीही तसदी नाही! या आळसाविरुद्ध मी भरपूर भाषणं ठोकली. शेवटी आमच्या नंदुरबारच्या श्रवण मंडळातच ठराव आला. मंडळाचे जुने स्पीकर विकून ब्लूटूथचा डबा आणायचा, रविवारी मतदान. उजव्या पेटीतून बारीक सूर येईनासे झाले होते. मेकॅनिकने आतला छोटा स्पीकर दोनदा बदलला, फरक शून्य.

शुक्रवारी सकाळी उजवी पेटी चादरीत गुंडाळून निघाले. सुरतेला गाडी बदलावी लागते. तिथे हमाल करा. मी केला नाही, आणि बडोद्याला उतरले तेव्हा दोन्ही खांदे गेले होते. सयाजीगंजात शेव-उसळ खाल्ली (लाल तरी जपून घाला) आणि दीडशे रुपयांत छाणीपर्यंत रिक्षा केली.

तिथे जुने स्पीकर दुरुस्त करणारे दत्तूकाका राहतात, स्पीकरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चालतं.

"आवो, आवो! एकच पेटी? जोडीदार कुठाय?"

"ती चांगली आहे, काका."

"चांगली? दोघी एकाच वयाच्या. ही आज थकली, ती उद्या थकेल."

"आधी बसू तर द्या त्यांना," आतून काकू म्हणाल्या. "आल्या आल्या चालू! ताई, चा घेणार ने?"

काकांनी पेटीची मागची फळी काढली. आत क्रॉसओव्हर असतो. जाड सूर मोठ्या स्पीकरकडे आणि बारीक सूर छोट्याकडे पाठवणारं सर्किट. त्यात बारीक सूर पुढे सोडणारा भाग म्हणजे कपॅसिटर; त्याचा एक पाय, म्हणजे एक तार, सोडवून त्यांनी तो मोजला. तसाच जोडलेला मोजला तर मीटर चुकीचं दाखवतं.

"आतून सुकलाय. सूर इथंच अडतात. छोटा स्पीकर बिचारा उगाच बदनाम झाला."

त्यांनी नवा बसवला. पण एकाच पेटीत नवा आणि दुसरीत जुना, तर आवाज दोन्हीकडून सारखा येणार नाही. डावी पेटी घेऊन पुन्हा बडोद्याला यायला मतदानाआधी एकच दिवस होता, आणि माझ्यात त्राण नव्हतं. काकांनी तसाच दुसरा कपॅसिटर मोजून माझ्या हातावर ठेवला, एक मोडकं सर्किट पुढे सरकवलं आणि सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या कथलाचा टाका घालायला, शिकवायला बसले. मी दुकानदारांवर बोलायला लागले तसे काका म्हणाले, "भाषण पछी. आधी टाका." माझा पहिला टाका पाहून काकू हसल्या, "अगं बाई, हा तर शेंगदाणा!" विसावा टाका काकांनी पास केला.

शनिवारी परतले. डावी पेटी रविवारी दुपारी उघडली. अंगठा भाजला, पण टाका बसला.

संध्याकाळी मंडळात तबकडी लावली. ठराव मांडणारे नाना डोळे मिटून ऐकत होते. "तंबोरा ऐकू येतोय," एवढंच म्हणाले. मी भाषणाऐवजी तबकडी उलटून लावली. मतदानात नानांनी हात वर केलाच नाही. ठराव दोन मतांनी पडला.

पेट्या राहिल्या. माझे खांदे अजून दुखतात, आणि आणखी एका भाषणाने हे काम झालं नसतं, हेही आता कळतं. म्हणून तुम्हाला एवढंच सांगते: भंगारवाल्याला बोलावण्याआधी दोन्ही पेट्या उघडा, कपॅसिटरचा एक पाय सोडवा आणि मोजून घ्या.