मुलगा – अमान्य

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. आत्ताही ती शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालते आहे, आणि मी तुम्हाला सांगतोय – तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. ओळखीच्या माणसापुढे बोलायला छाती लागते. ती माझ्याकडे कधीच नव्हती.

आधी कामाचं सांगतो, ते सोपं आहे. जालन्यातल्या एका कार्यालयात मी डिजिटल ओळखीचं काम बघतो. ब्लॉकचेन हा शब्द तुम्ही ऐकला असेल. माणसाची ओळख आणि त्याची नाती त्यात नोंदवायची. एकानं विनंती पाठवायची, दुसऱ्यानं मोबाइलवर मान्य किंवा अमान्य दाबायचं. जे दाबलं ते कायमचं. खाली नवी ओळ लिहिता येते, आधीची खोडता येत नाही. गावोगाव शिबिरं घेऊन मी हे समजावतो. चांगलं समजावतो, असं लोक म्हणतात.

तीर्थपुरीच्या शिबिरात पहिल्या रांगेत मावशी बसली होती.

मावशी म्हणजे – बघा, इथंच अडखळलो. आईची बहीण नव्हे. आमच्याकडे सावत्र आईलाही मावशीच म्हणतात. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. वडिलांनी मावशीशी पाट लावला. ती विधवा होती, आणि विधवेचं लग्न घरातल्या घरात उरकायचे. मांडव नाही, वाजंत्री नाही, कुठे कागदही नाही. पुढे वडीलही गेले. मला तिनंच वाढवलं. तिला अक्षर येत नव्हतं, तरी पुस्तक हातात धरून माझं पाठांतर घ्यायची. मी अडखळलो की म्हणायची, चुकलास. बरोबर ओळखायची.

लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांना मी सांगितलं, आई-वडील लहानपणीच गेले, मामाकडे वाढलो. का सांगितलं असं? ती माणसं शिकलेली, नोकरदार. पाटाची बाई म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं असतं का? कुणास ठाऊक. मी त्यांना संधीच दिली नाही. लग्नात सासूबाईंनी विचारलं, ह्या कोण? मी म्हणालो, गावाकडे आमच्या घरी कामाला होत्या. मावशी तिथंच उभी होती. तिनं पदर खोचला आणि पंगतीत वाढायला गेली.

तुम्हाला वाटेल, हेच सांगायचं होतं. हे नाही – म्हणजे, एवढंच नाही.

त्या शिबिरात सगळे उठल्यावर ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "माझ्याकडं तर कागद न्हाई. मंग ह्यात आई म्हणून लागंन का माझं नाव?"

लागेल, म्हणालो. पण एकदा लिहिलं की खोडता येत नाही, मावशी.

"मंग बराबर हाय. मला तसंच पाह्यजे."

आठवड्याभरात, गावातल्या केंद्रावरून तिनं पाठवलेली विनंती आली. रविवार होता, मी सासरी चहा घेत होतो. सासरे समोर पेपर वाचत होते. बायकोची ओळख माझ्या ओळखीला जोडलेली; मी मान्य केलेलं नातं तिच्याही मोबाइलवर दिसलं असतं. अमान्य केलेली ओळ मात्र विनंती पाठवणारा आणि नाकारणारा, या दोघांनाच दिसते. मोबाइलवर मावशीच्या नावानं ओळ होती, "गयाबाई यांनी आपणांस मुलगा म्हणून नोंदवले आहे." मी अमान्य दाबलं. नक्की का, असं मोबाइलनं विचारलं. ती सोय आमच्याच कार्यालयानं केलेली. मी पुन्हा दाबलं. मग उरलेला चहा प्यायलो.

त्यानंतर तिचे फोन. "आलं का रे माझं नाव?" सर्व्हर बंद आहे, मावशी. काम चालू आहे. होईल. वर्षभर मी हेच सांगितलं. मग तिनं विचारणं सोडलं आणि मला हायसं वाटलं. हो, हायसं वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. घरी दौऱ्याचं सांगून मी जाऊन अग्नी दिला. दहाव्यानंतर तिची नोंद बंद करायला तीर्थपुरीच्या केंद्रावर गेलो. तिथल्या मुलीनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. नाती या रकान्यात एकच ओळ होती. मुलगा – अमान्य. पुढे माझं नाव.

मुलगी खाली बघत म्हणाली, "अमान्य आलं तवाच म्या वाचून दाखवलं होतं त्यांना, सर. ही ओळ झाकून ठेवता येते, तेबी सांगितलं. तर म्हणल्या, राहू दे. त्याचं नाव हाय ना माझ्या नावाजवळ."

म्हणजे ती वर्षभर फोन करत होती तेव्हा तिला ठाऊक होतं. मी प्रत्येक वेळी अडखळत होतो, आणि ती एकदाही चुकलास म्हणाली नाही.

खाली नवी ओळ लिहिता येते. त्याला दोघांची संमती लागते. पुढच्या आठवड्यात परतूरला शिबिर आहे, तिथं मी हेच शिकवणार आहे.