मॉनिटरची पाठ बाबांकडे होती

मॉनिटर काळा पडला की माझं टाळकंच सटकायचं. "मेल्या, आत्ताच बरी झोप लागली तुला!" म्हणत मी त्याला एक चापट हाणायची, आणि कधीकधी तो खरंच जागा व्हायचा. तेच वाईट होतं. पुरता मेला असता तर दुसरा आणला असता.

आमचं घर शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत. बाबा यात्रेकरूंचे उपाध्ये. काशीला येऊन गेलेल्या मराठी घराण्यांच्या सात-सात पिढ्या त्यांच्या वह्यांत होत्या, जुन्या सगळ्या मोडीत. मोडी वाचणारं बाबांशिवाय कुणी उरलं नव्हतं. मला शिकवतो म्हणाले तेव्हा मी "बघू, बघू" करत राहिले. शेवटी ठरलं, ते वाचतील आणि मी कॉम्प्युटरवर उतरवीन. ते ऐंशी पार केलेले. घाई कशाची आहे हे दोघांनाही कळत होतं.

त्यांची अट एकच. पूर्वजांच्या वह्यांशेजारी यंत्र ठेवायचं, तर आधी त्यावर गंगाजल शिंपडायचं. टेबलापलीकडे, माझ्या समोर बसून ते रोज सकाळी पळीभर पाणी हातावर घ्यायचे आणि मॉनिटरवर उडवायचे. "शिंपडा हो, चार थेंबांनी काय होतंय," असं मीच म्हणाले होते.

मग वाचन सुरू व्हायचं. पणजोबा, आजोबा, त्यांचे चार मुलगे, कोण कुठल्या गावाला दत्तक गेला... बाबांचा आवाज लागला की हमखास पडदा काळा. मी वायर हलवायची, स्टॅबिलायझर बदलून बघायची, बटण दाबायची. तोवर बाबांची ओळ हरवायची. मेकॅनिक आला, नुसता मॉनिटर उचलून दुकानात घेऊन गेला. तिथे तीन दिवस झक्क चालला. "दीदी, इसमें तो कुछ है ही नहीं," म्हणाला. घरी आणून त्यानेच जुन्या केबलला जोडून दिला, दुसऱ्या सकाळी परत अंधार. मला अक्षरशः रडू आलं.

"अगं, कागदावर लिहून घे ना," बाबा म्हणायचे. "खणात कोरे कागद आहेत."

"दोनदा कोण लिहीत बसणार, बाबा? होतोय दुरुस्त. थांबा जरा!"

ते थांबायचे. वहीला दोरा गुंडाळून ठेवायचे.

असं दोन महिने चाललं. मग एका सकाळी बाबांच्या हातातली पळी खाली पडली. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा खाटेला जागा करायला मी टेबल ओढलं आणि मॉनिटरच्या पाठीमागची केबल काढली. तिच्या टोकाच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, न घासलेल्या तांब्यासारख्या. रोजचं पाणी पाठीवरून ओघळून तिथेच मुरत होतं. इतक्या दिवसांत ते टोक मी एकदाही उपसून पाहिलं नव्हतं. शिव्या मात्र मॉनिटरला घातल्या.

नवी केबल लावली. सकाळपासून दुपारपर्यंत पडदा एकदाही मिटला नाही. मला काय वेडी आशा वाटली कोण जाणे, मी बाबांना उशीला टेकवून बसवलं, मांडीवर वही उघडून दिली आणि समोर बसले. डाव्या हाताचं बोट ओळीवर लागलं. ओठ हलले. नुसता घशातून घरघरता आवाज. बोट दुसऱ्या ओळीवर गेलं, तिसऱ्या ओळीवर गेलं. त्यांना सगळं वाचता येत होतं. माझी बोटं मात्र तशीच पडून होती.

बाबा थांबले. माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग त्यांना दिसणाऱ्या मॉनिटरच्या पाठीकडे. आणि मला समजावावं तसा डावा हात हळूच उचलून त्यांनी कागदांच्या खणाकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं, पडदा परत काळा झालाय.